खासबागेचा हौद, पॅलेसचा रंगमंच

कोल्हापुरात भवानी मंडपापासून चालत जाण्याच्या अंतरावर २०२४ पर्यंत पॅलेस थिएटर हे नाट्यगृह उभे होते आणि त्याच्या पाठीला पाठ लावून खासबाग हे कुस्तीचे मैदान. पुढच्या बाजूने आत गेले की रंगमंच लागे, मागच्या बाजूला तांबड्या मातीचा हौद. मैदान १९१२ मध्ये सुरू झाले, नाट्यगृह १९१५ मध्ये पुरे झाले. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. मल्ल आणि गवई पदरी बाळगणारे संस्थानिक त्या काळात पुष्कळ होते. बडोद्यात होते, पतियाळात होते, म्हैसुरात होते. कोल्हापूरने त्यात एका गोष्टीची भर घातली आणि माझ्या मते शाहूंच्या कलाश्रयातली हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्यांनी बघणाऱ्याची सोय पाहिली. दरबारातला मानकरी जे पाहतो ते बाजाराला आलेल्या कुळवाड्यालाही दिसावे, यासाठी त्यांनी जागा बांधल्या.

शाहूंच्या हाती राज्यकारभार आला तो २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी. ते स्वतः मातीत उतरलेले होते. कुस्तीवर त्यांचे प्रेम होते ते तालमीत घाम गाळलेल्या माणसाचे. मोतीबाग तालमीला त्यांनी बळ दिले, शहराच्या पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, पंजाबातले नामांकित मल्ल संस्थानच्या खुराकावर कोल्हापुरात राहू लागले. उत्तरेतले डाव आणि दक्षिणेतली मेहनत एका हौदात आली. वस्तादाच्या हाताखाली मराठा, मुसलमान, धनगर, महार अशी सगळ्या घरांतली पोरे एकाच मातीत लोळू लागली.

संगीताच्या बाजूला हेच घडत होते. कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षांत उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारात रुजू झाले आणि महाराजांच्या निधनापर्यंत तिथेच राहिले. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो, त्याची गायकी पक्की झाली ती बऱ्याच अंशी या शहरात. अंबाबाईच्या देवळात त्यांची सेवा असे. शहरात देवल क्लब होता. १८८३ पासून चालत आलेल्या या मंडळात गाणारे, वाजवणारे आणि नुसते ऐकणारे रोज जमत. गोविंदराव टेंबे तिथेच घडले. म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा कोल्हापुरात मल्ल होते, गवई होते आणि दोघांवर जीव टाकणारे लोकही होते. नव्हती ती फक्त हजारो माणसांना एकत्र बसवणारी जागा.

त्या वेळचे कुस्तीचे फड आठवून पाहा. जत्रेत, नदीकाठी, देवळापुढच्या मोकळ्या जागेत माती खणून हौद करायचा आणि भोवती माणसांचे कडे. पहिल्या चार रांगांना कुस्ती दिसे. मागच्यांना दिसे ते पुढच्यांचे फेटे. झाडावर, घरांच्या माळवदावर, बैलगाडीच्या साट्यावर उभे राहून लोक पाहात. डाव बसला की पुढून ओरडा उठे आणि मागचा विचारी, कोण पडला? जोड मोठी असेल तर कडे फुटून लोक हौदात घुसत, आणि मग निकाल कसला, धक्काबुक्कीच.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. या दौऱ्याची आठवण इतिहासात राहिली आहे ती मुख्यतः एका जाहीरनाम्यामुळे: त्या वर्षीच्या जुलैमध्ये परदेशातूनच त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. याच प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन कलोसियम पाहिले. दगडी पायऱ्यांची गोल उतरंड, मध्ये रिंगण, आणि कुठेही बसा, नजर थेट रिंगणावर. कुस्तीच्या फडातली ढकलाढकली लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला त्या भग्न इमारतीत काय दिसले असेल, हे ओळखणे अवघड नाही. नोकऱ्यांचा तो हुकूम आणि मैदानाची ही कल्पना एकाच प्रवासातून आली. दोन्हींच्या मुळाशी मागे राहिलेल्या माणसाला पुढचे दिसावे हाच विचार आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

परत आल्यावर राजघराण्याच्या खासबाग या बागेच्या जागेवर काम सुरू झाले. रोमसारखे दगडाचे मजले चढवण्याची गरज नव्हती. मध्यभागी हौद ठेवून भोवती मातीचा गोलाकार उतार करण्यात आला, परळासारखा सर्व बाजूंनी आत उतरत जाणारा. पुढच्या रांगेतला माणूस मागच्यापेक्षा खाली बसतो, त्यामुळे कोणाचा फेटा कोणाच्या आड येत नाही. मध्ये खांब नाही, छप्पर नाही. एका बाजूला राजघराण्यासाठी उंच बैठक. भोवती भिंत आणि आत येण्याजाण्यासाठी वाटा. मोठ्या कुस्तीच्या दिवशी तीस हजारांवर माणूस इथे बसल्याचे सांगतात, आणि मैदानाचा विस्तार पाहिला की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. ध्वनिवर्धक नव्हते. हलगी कडाडली की लोकांनी ओळखायचे, जोड आत आली.

१९१२ मध्ये मैदानाचे उद्घाटन झाले ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. इमामबक्ष म्हणजे विख्यात मल्ल गामाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडनला गेले होते. तिथे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीत केले होते आणि गामाने पोलंडच्या झ्बिस्कोला जेरीस आणले होते. त्या विजयाने सगळा हिंदुस्थान हरखून गेला होता, कारण गोऱ्या मल्लांना त्यांच्याच राजधानीत पाडणे याचा अर्थ त्या काळात कुस्तीपुरता राहात नव्हता. लंडनच्या वर्तमानपत्रांनी ज्याची छायाचित्रे छापली तो मल्ल करवीरच्या शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला. खासबागेतली ती कुस्ती इमामबक्षने मारली. पण त्या दिवसाचा खरा निकाल बसण्याच्या जागेचा होता: शेवटच्या रांगेलाही डाव दिसला.

आता नाटकाकडे येऊ.

किर्लोस्कर मंडळींनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी संगीत नाटक हा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा सार्वजनिक करमणुकीचा प्रकार झाला होता. मंडळ्या गावोगाव बिऱ्हाडे घेऊन हिंडत. पन्नास-साठ माणसे, पेट्या, पडदे, आचारी, आजारी, मुले. थिएटर बरे असेल तर मुक्काम लांबे. नसेल तर मांडव घालायचा. गाणे हाच नाटकाचा प्राण, आणि मांडवात गाणे विरून जाई. रात्रभर चालणाऱ्या खेळात मागच्या बाकांपर्यंत पद पोहोचवायचे तर नटाला गळा फाडावा लागे.

शाहूंना हा व्यवहार आतून माहीत होता, कारण नाटक मंडळ्यांशी त्यांचे जवळचे संबंध होते. त्यांपैकी एक प्रसंग मराठी रंगभूमीची दिशा ठरवणारा होता. नारायण राजहंस नावाच्या गोड गळ्याच्या मुलाला कानाचा विकार होता. महाराजांनी त्याच्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार करवले आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत त्याचा प्रवेश होण्यासाठी शब्द टाकला. १९०५ मध्ये हा मुलगा मंडळीत दाखल झाला. 'बालगंधर्व' ही पदवी त्याला लोकमान्य टिळकांच्या उद्गारातून मिळाली असे सांगतात. कान मात्र शाहूंमुळे बरा झाला. टिळक आणि शाहू वेदोक्त प्रकरणापासून (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही, हा वाद) एकमेकांच्या विरोधात उभे होते. गंधर्वांच्या गळ्यावर मात्र दोघांचेही ऋण आहे.

दुसरा गळा कोल्हापूरचाच होता. केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी इथलाच. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य, म्हणून कळत्या वयाच्या आधीच पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. नाटककार देवलांच्या 'शारदा'त शारदेची भूमिका करून त्याने नाव काढले. १ जानेवारी १९०८ रोजी, जेमतेम सतरा वर्षांच्या केशवरावांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. हे धाडस होते. नाव असलेला नट मंडळी सोडतो तेव्हा त्याच्यामागे भांडवलदार उभा असतो. केशवरावांच्या मागे गळा आणि मेहनत एवढेच होते. गाणे जोरकस, तार सप्तकात सहज जाणारे, तान अशी की ऐकणारा पुढे सरकून बसे. वझेबुवांसारखा गवई त्यांनी चाली द्यायला आणला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापुरी कलावंतांकडून त्यांनी पडदे रंगवून घेतले. रस्ता, महाल, अरण्य यांचे तेच ते ठरावीक पडदे पाहिलेल्या प्रेक्षकाला या पडद्यांत खोली दिसली, उजेड दिसला. १९१६ मध्ये मामा वरेरकरांचे हुंड्यावरचे 'हाच मुलाचा बाप' त्यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा राजवाडे आणि पुराणे सोडून संगीत नाटक पुन्हा मध्यमवर्गीय घराच्या ओटीवर आले.

पॅलेस थिएटरची उभारणी झाली ती या सगळ्या हालचालींच्या ऐन मध्यात. १९१३ मध्ये काम सुरू झाले, १९१५ मध्ये पुरे झाले. खासबागेत जे तत्त्व मातीत उतरवले होते तेच इथे छपराखाली आले. प्रेक्षागृहाच्या मध्ये एकही खांब नव्हता. कोठेही बसा, रंगमंच पूर्ण दिसे. रंगमंचाखाली खोल पोकळी ठेवली होती, की गाणाऱ्याचा आवाज तिच्यात भरून घुमावा आणि शेवटच्या रांगेपर्यंत जावा. विजेवर चालणारी कोणतीही आवाजयंत्रणा नसलेल्या काळातली ही रचना होती. ज्यांनी या नाट्यगृहात न वाढवलेल्या आवाजात गाणे ऐकले आहे ते तिथल्या आवाजाबद्दल आजही हळवे होऊन बोलतात. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला मैदानाकडे तोंड करून खुले व्यासपीठ होते, त्यामुळे गरज पडेल तेव्हा नाटकही मैदानात नेता येई. केशवरावांनी महाराजांच्या इच्छेवरून 'मृच्छकटिक' थेट खासबागेत, उघड्या आभाळाखाली हजारो लोकांपुढे केले, ही आठवण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

दरबारातल्या उस्तादाचे गाणे या वाटेने लोकांपर्यंत कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे. अल्लादिया खाँ नाटकात गाणार नव्हते. त्यांची गायकी अवघड, जाणकारांची. पण भास्करबुवा बखले यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली आणि बखलेबुवांनी बालगंधर्वांना शिकवले. गोविंदराव टेंबे खाँसाहेबांच्या गाण्याने भारलेले होते आणि १९११ च्या 'मानापमाना'ला चाली त्यांनीच दिल्या. बंदिशीचा मुखडा नाट्यपद झाला, पद वन्स मोअर घेत पिटातल्या प्रेक्षकाच्या तोंडी बसले. सकाळी जात्यावर बसलेली बाई ते गुणगुणू लागली. अशी वाट देशातल्या फार थोड्या दरबारांतून फुटली.

या कथेचा सर्वांत उंच क्षण मात्र कोल्हापुरात घडला नाही. तो घडला मुंबईत, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरमध्ये, ८ जुलै १९२१ रोजी.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. असहकाराची चळवळ पेटली आणि त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी काँग्रेसने देशातून एक कोटी रुपये गोळा करण्याचे ठरवले. मुंबईत घरोघर दागिने निघत होते. अशा दिवसांत बालगंधर्वांची गंधर्व आणि केशवरावांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी फंडासाठी एकत्र खेळ करायचे ठरवले. नाटक खाडिलकरांचे 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. पुढच्या जागांचे तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेले. बऱ्याच नोकरदारांचा दोन-तीन महिन्यांचा पगार तेवढा नसे.

लोक या खेळाकडे नाटक म्हणून पाहातच नव्हते. ती जोड लागली होती. एकीकडे गंधर्वांचा मऊ, लयीला बिलगून जाणारा गळा; दुसरीकडे केशवरावांचा तडफदार, आव्हान देणारा. दोघांचे चाहते महिनोन्‌महिने वाद घालत आले होते आणि आज निकाल लागणार अशी त्यांची समजूत होती. थिएटर खचाखच भरले, बाहेर रस्ता अडला. नांदीपासून वन्स मोअर सुरू झाले. कोणी कोणाला पाडले नाही. कुस्तीच्या भाषेत बरोबरीत सुटली म्हणता येईल, पण तेही अपुरे आहे, कारण त्या रात्री गाणाऱ्या दोघांनी एकमेकांना उचलून धरले. समोरचा चांगला गायला की आपले पद आणखी चढवायचे, एवढाच डाव होता.

ही रात्र मराठी माणसाने आठवणीत जपली आहे ती दोन गळ्यांची आणि देशभक्तीची रात्र म्हणून. त्यात मला आणखी एक पदर दिसतो. फंड टिळकांच्या नावाचा, नाटककार टिळकांचा निष्ठावंत सहकारी. आणि रंगमंचावरचे दोन गळे: एकाचा कान शाहूंनी बरा केलेला, दुसरा शाहूंच्या शहरात जन्मलेला. राजकारणात ज्या दोन प्रवाहांचे कधी जुळले नाही, ते त्या रात्री एका रंगमंचावर एकत्र आले. लोकांच्या टाळ्यांनी तो भेद पाळला नाही.

त्यानंतर सारे भराभर विरत गेले. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. 'ललितकलादर्श' बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले, आणि अल्लादिया खाँ कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. ज्या बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले होते त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून हलणाऱ्या चित्रांचा पडदा रंगवला होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू आणि गाऊ लागला, तेव्हा फिरत्या नाटक मंडळ्यांचे दिवस भरले. चार आण्यांत गाणे ऐकायला मिळत असेल तर पन्नास माणसांचे बिऱ्हाड कोण पोसणार? नाट्यकलेला कोल्हापूरने वैभव दिले आणि तिला मागे टाकणारी कलाही याच शहराच्या कारखान्यातून बाहेर पडली.

कुस्तीला बोलपटाचा धक्का बसला नाही. निकाल आधी माहीत नसलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहायची, ही ओढ पडद्याने भागत नाही. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, राजाचा खुराक बंद झाला, तरी खासबाग भरत राहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. दोघेही कोल्हापूरच्या तालमींत घडलेले. पुढच्या काळात मातीची जागा मॅटने घेतली, मैदाने रोडावली, पण मोठी जोड लागली की पश्चिम महाराष्ट्रातून आणि बेळगाव भागातून गाड्या भरून माणसे येत राहिली.

नाट्यगृहाला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. व्यावसायिक नाटके, राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची गॅदरिंगे, सत्कार, गाण्याच्या मैफली, हौशी मंडळांचे पहिले प्रयोग: महापालिकेच्या ताब्यातल्या या रंगमंचावर सगळ्यांना जागा होती. कोल्हापुरात असा नट सापडणे कठीण, ज्याने पहिली टाळी इथे ऐकली नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेतल्या व्यासपीठाच्या बाजूने आग लागली आणि लाकडी रंगमंचासह नाट्यगृह जळून गेले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिची तयारी झालेली होती. रात्री शहरातले नट, तंत्रज्ञ, रंगपटात काम करणारी माणसे रस्त्यावर येऊन उभी राहिली, कित्येक जण मोठ्याने रडत होते. राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि वास्तू होती तशीच उभी करण्याची मागणी शहराने एकमुखाने केली. ही मागणी करताना दगडी दर्शनी भिंतीबरोबर आणखी तीन गोष्टी मागून घ्यायला हव्यात: खांबाविना प्रेक्षागृह, रंगमंचाखालची ती पोकळी आणि मागच्या बाजूला खासबागेकडे उघडणारे व्यासपीठ. शिवाय तारखांचे भाडे असे असावे की गावातल्या हौशी मंडळालाही वर्षातून दोन खेळ तिथे करता येतील.